वांद्रे-कुर्ल्याची हिरवळ

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील कचेऱ्यांच्या आवारांत राखलेल्या हिरवळीला ‘शाश्वत’ हे विशेषण लावण्याची प्रथा पडली आहे. झाडांविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु ज्या जमिनीवर ही हिरवळ उभी आहे, तिचा इतिहास बाजूला ठेवून तिचे मोल ठरविता येणार नाही.

सुमारे ३७० हेक्टरांचे हे क्षेत्र मुळात मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्यामधील दलदलीचे व तिवरांचे. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली म्हणजे पाणी येथे पसरत असे. १९७७ साली त्याच्या नियोजनाचे अधिकार प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे गेले, भराव पडला, आणि नदीची पसरण्याची जागा भूखंड म्हणून बाजारात आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीचे पाणी कुर्ला-कलिन्याच्या वस्त्यांत शिरले. दोष प्रामुख्याने काठावरच्या झोपड्यांना देण्यात आला. संकुलाचा भराव आणि विमानतळाची धावपट्टी ही अडवणूक कायदेशीर होती ना! भूखंडाचा लाभ प्राधिकरण आणि कंपन्या यांच्या पदरात, त्याचा सामाजिक खर्च मात्र शेजाऱ्याच्या माथी, असा हा व्यवहार आहे.

म्हणून येथील उद्यानरचनेची पहिली कसोटी पाण्याची. तळघराच्या छतावर दोन फूट माती पसरून केलेला बगिचा डोळ्यांना सुखवितो, पण माती भिजून तृप्त झाली की उरलेले पाणी गटारातच जाते. विहित किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात बजावले आहे. अर्थात खाडीकाठच्या सखल जमिनीत पाणी फारसे मुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे ओहोटी लागेपर्यंत काही तास पाणी थोपवून धरणारी तळी आणि खोलगट मैदाने अधिक उपयोगाची. उन्हाळाभर पाणी पिणाऱ्या लॉनऐवजी खारा वारा सोसणारी भेंडी, करंज, उंडी लावावीत. ती सावलीही देतात, आणि सावली कोणाला हा प्रश्न गौण नाही. झाडलोट करणारे, रखवालदार, जेवणाचे डबे पोहोचविणारे यांना कुंपणाबाहेर उन्हात तिष्ठावे लागत असेल, तर आतली हिरवळ ही केवळ दिवाणखान्याची शोभा होय.

हे अशक्य नाही. मिठीच्या पलीकडे, धारावीच्या बाजूला, एके काळच्या कचऱ्याच्या ढिगांवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ साली लोकांसाठी खुले झाले. तेही याच प्राधिकरणाचे.

संकुलातील भूखंड विकलेले नाहीत. ते ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. जमिनीची मालकी सार्वजनिक असताना अटी घालण्यास संकोच कसला? प्रत्येक भूखंडावर उघडी माती किती, पाणी धरण्याची सोय किती आणि वाटसरूला खुली सावली किती, याचा हिशेब प्राधिकरणाने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जाहीर करावा, ही मागणी वस्त्यावस्त्यांतून आली पाहिजे. कुर्ला-कलिन्यातील साथींनी तिचा आरंभ करावा.