भयाची बाधा

एखाद्या असावध रात्रीनंतर माणसाला एच.आय.व्ही.ची बाधा होईलच असे नाही. भयाची बाधा मात्र हटकून होते. मग साधा ताप, घशातील खवखव, अंगावरील पुरळ, जे दिसेल ते त्याला मृत्यूची वर्दी वाटू लागते. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून तो परगावी जाऊन रक्त तपासून घेतो आणि निर्वाळा मिळाला तरी आठवड्याने दुसऱ्या प्रयोगशाळेची पायरी चढतो. झोप उडते, घरात पत्नीशी बोलणे खुंटते. अशा माणसाला हसणे सोपे आहे. त्याच्या भयाचे मूळ शोधणे अधिक अगत्याचे, असे आम्हांस वाटते.

ते मूळ रोगात आहे, तसेच लोकलज्जेतही आहे. आणि ही लज्जा पोसण्यात आपल्या गोव्याचा वाटा लहान नाही. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुण रक्तदात्याच्या रक्तात विषाणू आढळला, तेव्हा पोलिसांकरवी नेऊन त्याला म्हापशातील एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. कायद्यातील १९८७ च्या दुरुस्तीने सरकारला तसा अधिकारच दिला होता. ज्या समाजाने रोग्याला कैदी होताना पाहिले, तेथे नुसता संशय आलेल्यानेही तोंड लपवावे, यात नवल ते काय?

सुदैवाने तो काळ सरला. सप्टेंबर २०१८ मध्ये अंमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने, काही अपवाद वगळता, संमतीवाचून चाचणी करण्यास आणि रोग्याची माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. शास्त्रानेही भयाला सीमा घालून दिली आहे. चुंबन, आलिंगन वा एका ताटातील जेवण यांनी लागण होत नाही. बाधित व्यक्तीशी निरोधावाचून संबंध आला तरी स्त्री-पुरुषांच्या एका सर्वसाधारण समागमात लागणीचे प्रमाण १०,००० मध्ये १० हून कमी मानले जाते.

धोका थोडा असला तरी तो शून्य नव्हे. म्हणून ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांना गाठावे. त्यांनी सुचविल्यास प्रतिबंधक औषध २८ दिवस घ्यावे. अहवाल हाती येईपर्यंत घरीही निरोध वापरावा, रक्तदान करू नये. सरकारी चाचणी केंद्रात तपासणी व समुपदेशन विनामूल्य मिळते. घाईने केलेली चाचणी फसवी ठरू शकते. मात्र तीन महिने उलटल्यावर, मधल्या काळात नवा धोका पत्करला नसेल आणि औषध घेतले असल्यास डॉक्टरांनी मुदत ठरवून दिली असेल, तर निर्दोष आलेला अहवाल अखेरचा मानावा. त्यानंतरही भय सुटत नसेल, तर ते मनाचे दुखणे आहे; त्याचा वैद्य निराळा, आणि त्याच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

आणि अहवाल विपरीत आलाच तर? नियमित औषधाने विषाणू रक्तात मोजण्यापलीकडे क्षीण झाला की संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, आणि हे औषध सरकार फुकट देते. रोगावर उपाय आहे. भयावरचा उपाय मात्र सरकारी दवाखान्यात तयार मिळत नाही. तो शेजारी, आप्त आणि मित्र यांनी, म्हणजे आपणच, द्यावयाचा आहे. डॉमिनिकला ६४ दिवस आपण तो दिला नाही, एवढे तरी स्मरणात असू द्यावे.