बॉडी साधी, लेन्स स्वच्छ, आणि रोलला पैसे शिल्लक



गेल्या महिन्यात नात घरी आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आबा, मला रोलचा कॅमेरा घ्यायचाय. वीस हजार साठलेत. कुठला घेऊ?"

मुलगा सोफ्यावरून म्हणाला, "खिशातला फोन काय वाईट आहे?" सूनबाईंच्या मते हे खूळ चार महिन्यांत उतरेल. नातीकडे मात्र निवड तयार होती. मित्राने सुचवलेली एका मोठ्या नावाची जुनी बॉडी आणि त्यावर ५० मिलिमीटरची एफ १.४ लेन्स. दोन्ही मिळून एकोणीस हजार आठशे.

मी विचारलं, "आणि रोल?"

"तो पुढच्या महिन्याच्या पॉकेटमनीतून."

बँकेत माझी बरीच वर्षं कर्ज खात्यात गेली. लघुउद्योगाचा प्रस्ताव समोर आला की आम्ही आधी एकच गोष्ट पाहायचो. सगळा पैसा मशिनरीत घातलाय का? कच्च्या मालाला, पगाराला खेळतं भांडवल ठेवलंय का? नसेल, तर यंत्र कितीही भारी असो, युनिट दोन वर्षांत आजारी पडणार हे ठरलेलं. मी नातीला म्हटलं, "बाई, तुझा प्रस्ताव नामंजूर. कॅमेरा ही मशिनरी आहे, रोल हे खेळतं भांडवल. नवा अर्ज घेऊन ये."

ती हसली. पण माझं म्हणणं गमतीचं नव्हतं. तेच सांगायला आज लिहायला बसलोय, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांत सध्या हा प्रश्न आलेला दिसतो. पोरं आजोबांचे कॅमेरे शोधतायत, नाहीतर जुने विकत घेतायत.

आधी थोडं मागचं. आमच्या बडोद्याच्या लोकांना सांगायला नको, पण इंदूर-बेळगावकडच्या मंडळींना कदाचित माहीत नसेल. ज्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर निम्म्या हिंदुस्थानने फोटो काढले, तो कॅमेरा इथे बडोद्यात तयार व्हायचा. बाबांनी १९६६ साली घेतला. १२० चा रोल, त्यावर बारा चौकोनी फोटो. फोकस करायची भानगड नाही. एक खूण उन्हाची, एक ढगाची, संपलं. बाबा शाळामास्तर. बारा फोटो म्हणजे एक दिवाळी, एक वाढदिवस आणि एक पाहुणे, असा हिशोब असायचा.

त्या काळातले आमचे अल्बम आज उघडले की एक गोष्ट जाणवते. सगळे जण घराबाहेर आहेत. कमाटीबागेत, सूरसागरच्या काठावर, वाड्याच्या गच्चीवर. आणि सगळ्यांनी उन्हाने डोळे बारीक केलेत. कारण साधं आहे. त्या कॅमेऱ्याचं भिंग लहान, घरातला उजेड त्याला पुरायचाच नाही. माझ्या आईचं आयुष्य दांडिया बाजारातल्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेलं. तिथला तिचा एकही फोटो नाही. कमाटीबागेतले आहेत सात. कमाटीबागेत ती आयुष्यात दहा वेळा गेली असेल.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. १९८३ मध्ये मामेभावाने अमेरिकेहून कॅमेरा आणून दिला. पेंटॅक्स के १०००, त्यावर ५० मिलिमीटरची एफ २ लेन्स. उत्तम जोडी. पण मला ती लेन्स चिमुकली वाटायची. लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात केवढं नळकांडं असायचं! मुंबईला ट्रेनिंगला गेलो असताना एका दुकानात ती लेन्स दिली, वर नऊशे रुपये घातले आणि ८०-२०० ची एफ ४.५ झूम घेऊन आलो. खूश होतो. बँकेतले लोक हातात घेऊन बघायचे.

१९८४ चे गणपती आले. बाबांनी सोवळं नेसून, समईच्या उजेडात, माजघरात पूजा मांडली. डोक्यावर साठचा पिवळा दिवा. मी कॅमेरा उचलला. पहिली अडचण अशी की झूम ८० पासून सुरू होते आणि माजघर दहा बाय बारा. मागे सरकून सरकून भिंतीला टेकलो, तरी बाबा आणि गणपती एका चौकटीत मावेनात. दुसरी अडचण उजेडाची. रोल १०० एएसएचा, भिंग एफ ४.५. सुई वर यायलाच तयार नाही. मग शटर संथ केलं आणि हात स्थिर धरून चार फोटो काढले. चारही हलले. दोन फ्लॅशवर काढले. त्यात समई विझल्यासारखी दिसते, मागची भिंत पांढरीफटक, बाबांचे डोळे मिटलेले.

त्याच वर्षी पौषात बाबा गेले. आमच्या हॉलमध्ये हार घातलेला त्यांचा जो फोटो आहे, तो पेन्शनच्या कागदांसाठी स्टुडिओत काढलेल्या पासपोर्ट फोटोवरून मोठा केलेला आहे. त्यात ते घाबरलेले दिसतात. मी बाबांना कधी घाबरलेले पाहिलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे. कॅमेरा घेताना पहिला प्रश्न 'कुठली कंपनी' हा नाही. 'मला कुणाचा फोटो काढायचाय आणि तो माणूस कुठल्या उजेडात बसतो' हा आहे. आपली वडीलधारी माणसं घरात बसतात. देवघरापाशी, खिडकीशी, स्वयंपाकघरात. तिथे जायचं तर ५० ची, मोठ्या तोंडाची साधी लेन्स लागते.

आता आकडे, कारण मी कॉमर्सवाला. उजेड एफच्या आकड्याच्या वर्गाने कमी होतो. एफ २ जितका उजेड आत घेते, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा एफ ४.५ घेते. म्हणजे जिथे एफ २ ला १/६० सेकंद पुरतं, तिथे एफ ४.५ ला १/१२ लागतं. ५० च्या लेन्सवर १/६० हातात धरून निघतं. लांबड्या झूमवर १/१२ ला मारुतीरायाचाही हात हलेल.

"मग एफ १.४ च घेते ना आबा!" असं नात म्हणालीच. तिथेही हिशोब करावा. एफ १.४ ही एफ २ च्या दुप्पट उजेड घेते, हे खरं. एफ १.८ च्या तुलनेत मात्र फरक दीडपटीहून थोडाच जास्त. किंमत बऱ्याचदा दुपटीच्या पुढे जाते. शिवाय पूर्ण उघडून जवळून काढलं तर एक डोळा स्पष्ट आणि कान धूसर. आजीचा चष्मा फोकसमध्ये आला आणि आजी राहिली, असं होतं. म्हातारी माणसं थोडी हलतात, त्यांना इतकी बारीक रेघ परवडत नाही. आणि १०० चा रोल सोडून ४०० चा घातला की उजेड चौपट मिळाल्यासारखंच आहे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इलफोर्ड एचपी ५ सारखा ४०० चा रोल तर १६०० चा समजून वापरता येतो, फक्त धुवायला देताना तसं सांगायचं. जे काम रोल करतो त्यासाठी लेन्सला जादा पैसे का मोजायचे? एफ १.७, १.८ किंवा २, यातली जी स्वच्छ मिळेल ती घ्यावी.

बॉडीचं काय? ती साधी, पूर्ण यांत्रिक असावी. के १००० घ्या, निकॉन एफएम घ्या, याशिका एफएक्स-३ घ्या. यांत शटर स्प्रिंग-चाकांवर चालतं, बटणसेल फक्त उजेड मोजायला. सेल संपला तरी अंदाजाने फोटो निघतो. कॅनन एई-१ किंवा मिनोल्टा एक्स-७०० हे कॅमेरे चांगले, पण बॅटरी गेली की शटरच बसतं, आणि चाळीस वर्षांपूर्वीचा इलेक्ट्रॉनिक भाग गेला तर तो मिळणं कठीण. ऑलिम्पस ओएम-१ देखणा आणि यांत्रिक, पण त्याचा उजेडमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला होता आणि ते सेल बंद झाले. दुसरा सेल घातला तर माप चुकू शकतं. के १००० ची खोड अशी की त्याला मापक बंद करायचं बटणच नाही. काम झालं की लेन्सला टोपी घालायची. मी ही टोपी विसरून किती सेल घालवले असतील, देव जाणे.

मांडवीकडे एक जुने कारागीर बसतात. त्यांच्याकडे नातीला घेऊन गेलो. ते म्हणाले, "काका, बॉडी जूनी चालशे, पण लेन्स चोख्खो जोईए." माझं अख्खं मत त्या एका वाक्यात आलं.

त्यांनी तिला तपासणीही शिकवली. लेन्स काढून पूर्ण उघडायची आणि एका बाजूने टॉर्च मारून दुसरीकडून पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. चार धुळीचे कण चालतात, बुरशी नको. आतल्या पात्यांवर तेल नको, ती चटकन मिटायला हवीत. मग बॉडीचं मागचं झाकण उघडून शटर एक सेकंदावर ठेवून ऐकायचं. "एक हजार एक" म्हणेपर्यंत ते बंद व्हायला हवं. १/१००० वर ठेवून उजेडाकडे धरलं की पूर्ण चौकट क्षणभर चमकायला हवी, कडा काळी राहता कामा नये. झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलायचा, नाहीतर रोलवर उजेड गळतो. हे काम स्वस्तात होतं.

शेवटी मंजूर झालेला अर्ज असा. के १००० आणि ५० ची एफ २, दोन्ही मिळून १०,५००. साफसफाई आणि फोम १,५००. चार रोल, धुणं आणि स्कॅन धरून प्रत्येकी १,७००, म्हणजे ६,८००. उरलेले १,२०० कागदावर छापायला. बेरीज वीस हजार. छत्तीस फोटोंचा रोल धरला तर एक फोटो सत्तेचाळीस रुपयांना पडतो. ही रक्कम मी तिला मुद्दाम सांगितली. बोट दाबण्याआधी माणूस जरा थांबतो.

फोनबद्दल मुलाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. अंधारात फोन माझ्या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा चांगला फोटो काढतो, हे मान्य. ज्याला फक्त फोटो हवाय त्याने फोनच वापरावा, वीस हजार वाचवावे. पण त्याच फोनमध्ये माझ्या बायकोचे चार हजार फोटो आहेत आणि भिंतीवर लावण्यासारखा शोधायला बसलो तर दुपार गेली, सापडला नाही. छापलेला तर एकही नाही. १,२०० रुपयांची ती शेवटची ओळ मी म्हणूनच कापू दिली नाही.

पहिला रोल घेऊन मी नातीला अक्काकडे पाठवलं. अक्का माझी थोरली बहीण, वय ८४. त्याच वाड्यात राहते. वाडा पुढच्या वर्षी पाडायचा ठरलाय. "गच्चीवर नेऊ नकोस," एवढंच मी नातीला सांगितलं, "जिथे बसते तिथेच काढ."

छत्तीसांतले अकरा बरे आले. दोन काळे, काही हललेले, एकात नुसता पंखा. पण एकात अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडतेय. उजेड एका बाजूच्या झरोक्यातून येतोय. मागे आईचीच फडताळं आहेत, तीच, हिरव्या रंगाची. ते स्वयंपाकघर मी साठ वर्षांत पहिल्यांदा फोटोत पाहिलं.

तो छापून घेतला. आईच्या कमाटीबागेतल्या फोटोशेजारी लावलाय.

तुमच्या घरात कुणी पोर कॅमेऱ्यासाठी मागे लागलं असेल तर नाही म्हणू नका. पण आधी अर्ज तपासा. आणि कपाटात वर कुठे जुना कॅमेरा असेल, तर या पावसाळ्याआधी काढून टॉर्च मारून बघा.