बहिणीचा तपास भावानेच करायचा का?

अश्विनी बिद्रे आठवतात ना? सहायक पोलीस निरीक्षक. एप्रिल 2016 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कळंबोलीतून बेपत्ता झाल्या. भाऊ आणि नवरा उंबरे झिजवत राहिले. गुन्हा नोंदला गेला जानेवारी 2017 च्या अखेरीस. आणि ज्याच्यावर घरच्यांचा संशय, त्या पोलीस अधिकारी अभय कुरुंदकरला त्याच जानेवारीत राष्ट्रपती पदक! अटक डिसेंबरात. पनवेल कोर्टाने जन्मठेप दिली ती एप्रिल 2025 मध्ये. मृतदेह मिळालाच नाही.

ही खात्यातल्याच बाईची कथा. मग आमच्या हिरकणीवाडीतल्या पोरीचं काय? इथे कोणी दरीत, नदीत सापडलं की "पाय घसरला असेल" म्हणायला गाव मोकळं. आकस्मिक मृत्यूची नोंद, विषय संपला. शंका घेणारा भाऊ मात्र येडा ठरतो.

मंडळी, शंका असेल तर तोंडी सांगून घरी येऊ नका. लेखी द्या, पोच घ्या. पंचनामा, पीएम रिपोर्टची नक्कल मागा. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोस्टाने अलिबागला एसपींकडे पाठवा, तिथेही हाललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच ही वाट आहे. अर्ज लिहायला अडलं तर मला मेसेज करा.