लहान बोटींचें सांडपाणी

कोल्हापूरच्या शाळेच्या वार्षिकांत बोटींचा विषय कशास, असें कित्येक पालकांच्या मनांत येईल. आपल्या नगरास समुद्र नाहीं. रंकाळ्यावरील नौकाविहार सोडला तर बोटीशीं आपला संबंध सुटीपुरता. पण सुटींत मुंबईस जाणारीं आपलींच मुलें गेटवेपासून लाँचीनें घारापुरीचीं लेणीं पाहावयास जातात, मांडव्यास उतरून अलिबागेस जातात, आणि परत आल्यावर त्रिमूर्तीचें वर्णन निबंधांत लिहितात. ज्या नौकेंतून आपण गेलों तिच्यावर शौचकूप असेल तर त्याचें व मोरीचें पाणी कोठें गेलें, ही चौकशी मात्र कोणा विद्यार्थ्याच्या निबंधांत अद्याप माझ्या वाचनांत आलेली नाहीं. (नोहाच्या तारवास हा प्रश्न पडला नसावा. त्या वेळीं घाण लागेल असा किनाराच शिल्लक नव्हता.)

मोठ्या आगबोटींपुरता या प्रश्नाचा निकाल जगानें लाविलेला आहे. ‘मार्पोल’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचें चौथें परिशिष्ट 2003 सालीं अमलांत आलें. त्याप्रमाणें कच्चा मैला जमिनीपासून 12 सागरी मैलांच्या पलीकडे, तोहि बोट चालती असतां, हळूहळू सोडावा लागतो. दळून व जंतुनाशक घालून सोडावयाचा तर 3 मैलांच्या पलीकडे चालतो. मान्यता मिळालेलें शुद्धीकरणाचें यंत्र बोटीवर असेल तर गोष्ट निराळी. हा नियम 400 टन व त्याहून मोठ्या जहाजांस आहे, आणि 15 हून अधिक माणसें नेण्याचा परवाना असलेल्या लहान जहाजांसहि आहे. परंतु तो परदेशी सफरीपुरता. म्हणजे सोळा माणसें घेऊन परमुलखीं जाणाऱ्या नौकेस जें बंधन, तें शंभर उतारू घेऊन मांडव्यास जाणाऱ्या लाँचीस त्या करारानें नाहीं. तिचा भार ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोपविलेला आहे.

विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. सागरी मैल 1852 मीटरांचा. तेव्हां 12 मैल म्हणजे सुमारें 22 किलोमीटर व 3 मैल म्हणजे साडेपांच. गेटवे ते घारापुरी हें अंतरच मुळीं सुमारें 10 किलोमीटर. बरोबर मध्यावर लाँच उभी केली तरी जमीन 5 किलोमीटरांच्या आसपासच राहाते. मोठ्या जहाजांचा नियम या लाँचीस लाविला तर साऱ्या प्रवासांत टांकी रिकामी करण्याजोगें एकहि ठिकाण सांपडावयाचें नाहीं. पणजीस मांडवी नदींत नांगरून ठेवलेल्या कॅसिनोच्या नौका तर एरवीं जागच्या हालतहि नाहींत. तेव्हां लहान नौकेनें आपली घाण टांकींत सांठवून धक्क्यावर आणून द्यावी, यावांचून दुसरा प्रामाणिक मार्ग मला तरी दिसत नाहीं.

आपल्याकडे कायदा अगदींच नाहीं असें नव्हे. 1974 च्या कायद्यानें प्रवाहांत घाण सोडण्यास मनाई केली. नद्या व खाड्यांतील नौकांसाठीं असलेला 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा नवा आला, आणि त्यांत प्रदूषणास आळा घालण्याचें स्वतंत्र प्रकरणच आहे. पण धक्क्यावर टांकी उपसून घेणारा पंप नसेल तर असला नियम मालकास खोटें बोलावयास शिकवितो. वहींत ‘टांकी रिकामी केली’ असें लिहावें, आणि कोठें केली तें ओहोटीस विचारावें! लाँचमालक कांहीं कुबेर नव्हेत. पावसाळ्यांत गेटवे व मांडवा यांमधील लाँचींची ये-जा बंद पडते आणि त्या महिन्यांचें उत्पन्न बुडतें. म्हणून पंप आणि गटारास जोडणारा नळ सरकारनें बांधावा, त्याचा चालू खर्च तिकिटांतून घ्यावा, आणि मग जो टाळील त्याचा परवाना रोखावा. हा क्रम उलटा केला तर फक्त दंडाच्या पावत्या वाढतील.

यावर एक आक्षेप येतो, व तो मला सर्वांत अवघड वाटतो. मुंबईसारखें अफाट शहर आपलें सांडपाणी ज्या समुद्रांत लोटतें, तेथें लाँचीच्या टांकीची काय मातबरी? आक्षेप खोटा नाहीं. पण पंचगंगेच्या कांठीं आपण सारे हेंच वाक्य बोलत आलों आहों. जयंती नाला कोणा एका घराच्या मोरीनें भरत नाहीं. ज्यानें त्यानें ‘माझें तें किती?’ म्हटलें, आणि नाला नदीस मिळाला. खालच्या अंगास इचलकरंजींत 2012 सालीं काविळीची साथ उठली, हजारों माणसें अंथरुणास खिळलीं, कित्येक दगावलीं. ती कावीळ मैल्यानें दूषित झालेल्या पिण्याच्या पाण्यांतूनच पसरते. शिवाय शहराचें पाणी लांबवर नेऊन सोडण्यासाठीं नळ तरी घातलेले असतात. लाँच थांबते ती धक्क्यापाशीं, उथळ पाण्यांत. तिसऱ्या आणि कालवें पाणी गाळूनच आपलें अन्न मिळवितात, आणि त्या पाण्यांतील रोगजंतूहि आपल्या देहांत सांठवितात. ओहोटीच्या वेळीं तीं वेंचून पाटींत भरणाऱ्या कोळणीस लाँचीची टांकी लहान होती हें सांगून काय उपयोग?

अमेरिकेंतील अलास्का प्रांतानें 2001 सालीं याबद्दल कायदा केला तो पाहाण्याजोगा आहे. त्यानें 50 ते 249 उतारूंच्या निजण्याची सोय असलेल्या लहान बोटींनाहि कायद्याखालीं घेतलें. त्यांना मोठ्या बोटींहून सौम्य अटी घातल्या, म्हणजे सवलत दिली. सूट दिली नाहीं. तेथें पाणी तपासतां असेंहि दिसून आलें कीं, निरुपद्रवी समजलें जाणारें मोरीचें पाणी कित्येकदां मैल्याइतकेंच जंतूंनीं भरलेलें असतें. मार्पोलच्या चौथ्या परिशिष्टांत या मोरीच्या पाण्यास बंधनच नाहीं, ही त्याची मोठी उणीव मानली पाहिजे.

17 जुलै 1947 रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. अशा अपघातानें सारा मुलूख हादरतो आणि मग उतारू व जीवरक्षक पट्टे मोजण्याची निकड कोणास पटवावी लागत नाहीं. टांकीची झडप उघडल्यानें एका दिवसांत कोणी मरत नाहीं, म्हणून तिची मोजदाद मागें राहाते. बोटीची तपासणी करणारा अधिकारी पट्टे मोजावयास येईल तेव्हांच त्यानें झडपेवरचा शिक्काहि पाहावा. वेगळें खातें उघडण्याचें कारण नाहीं.

येत्या नाताळच्या सुटींत जे विद्यार्थी मुंबईस किंवा गोव्यास जातील त्यांनीं लाँचीच्या तांडेलास, त्यांचें काम आटोपल्यावर, अदबीनें विचारावें: काका, टांकी कोठें रिकामी करतां? मिळेल तें उत्तर जसेंच्या तसें लिहून आणावें. पुढील अंकासाठीं मला तें हवें आहे.