‘लाइफटाइम’ विकता, तर मुदत लिहून द्या

दरमहा पैसे भरण्याचा जाच नको म्हणून दुकानदार, क्लासवाले आणि फ्रीलान्सर सवलतीतलं ‘लाइफटाइम’ सॉफ्टवेअर घेतात. जरूर घ्यावं. पण मुदत न सांगता ते विकण्यावर बंधन हवं. ते येईपर्यंत आपणच काही गोष्टी तपासायला हव्यात.

१. सॉफ्टवेअर चालतं कुठे? आपल्या संगणकावर बसवलेला प्रोग्रॅम कंपनी बुडाली तरी बहुधा काही वर्षं चालतो. सर्व्हरवरच्याचं तसं नसतं. सर्व्हरचा खर्च दरमहा येतो, आपण पैसे एकदाच देतो. नवे ग्राहक आटले की जुन्यांचा खर्च कशातून भागणार, हे विक्रेत्याला विचारावं.

२. मालक बदलला तर? अमेरिकेत रिवॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलरचा हब लाइफटाइम सेवेसह विकला गेला. घरातले दिवे, कुलपं त्यावरून चालत. २०१४ मध्ये नेस्ट या दुसऱ्या कंपनीने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. यंत्रात बिघाड नव्हता, तरी त्यावरून एकही दिवा लागेना. २०२५ मध्ये व्हीपीएनसिक्युअर या व्हीपीएन सेवेच्या नव्या मालकांनी जुन्या लाइफटाइम ग्राहकांची सेवा काढून घेतली. कंपनी घेताना या सौद्यांची माहिती नव्हती, असं त्यांचं म्हणणं. ग्राहकाने पूर्ण पैसे भरले होते. हा उघड अन्याय आहे.

३. समजा, महिन्याचा दर ४०० रुपये आणि लाइफटाइम ५,००० ला. साडेबारा महिन्यांत पैसे वसूल. दहा वर्षांची बचत मनात धरू नये.

४. अपडेट मिळणार का? २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. त्याआधी १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू झालं. नियमांबरोबर न बदलणारं बिलिंग सॉफ्टवेअर दुकानाच्या कामाचं नाही. टॅलीचा कायमस्वरूपी परवाना घेतला, तरी नव्या आवृत्त्यांसाठी टीएसएस या सशुल्क सेवेचं नूतनीकरण करावं लागतं. पण ते आधी सांगितलेलं असतं.

५. परताव्याच्या मुदतीतच डेटा बाहेर काढून पाहा. दहा-बारा बिलं भरा, एक्सेलमध्ये उतरवा. तारखा, रकमा, ग्राहकांची मराठी नावं जशीच्या तशी आली का? नुसती पीडीएफ मिळत असेल तर पैसे परत मागा.

६. ‘फक्त २ तास शिल्लक’ म्हणणारं घड्याळ पान पुन्हा उघडल्यावर पहिल्यापासून सुरू झालं, तर स्क्रीनशॉट काढा. खोटी घाई दाखवणं २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला भुलवणाऱ्या रचना) मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्यापारी कारणासाठीची खरेदी ग्राहक कायद्यात बसत नाही. मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू बसते. लहान व्यावसायिकांनी हे ध्यानात ठेवावं.

७. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: किमान किती वर्षं सेवा मिळेल ते किमतीशेजारी छापणं, कंपनी विकली तरी नव्या मालकावर ते बंधन राहणं, आणि सेवा बंद करण्यापूर्वी डेटा काढायला सहा महिने देणं. हे अशक्य नाही. पीक्लाउड या ऑनलाइन फाइल साठवण सेवेच्या लाइफटाइम योजनेच्या अटींत आजही मुदत लिहिलेली आहे: ९९ वर्षं किंवा खातेदाराची हयात, जे आधी संपेल ते.