बघायला कोणी शिकवलंच नाही

बीडहून सोलापूर रस्त्याने पालीकडे निघालं की शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर खजाना विहीर लागते. सोबतच्या माणसाला म्हणावं, चला, जरा उतरून बघू. उत्तर ठरलेलं असतं : "उसमें देखने का क्या है? बावडीच तो है." असं म्हणणारे लोक अडाणी नसतात. त्यांत शिक्षक असतात, वकील असतात, आणि कौमच्या इतिहासावर रोज दहा मेसेज पुढे ढकलणारेही असतात.

माझं भांडण या शेवटच्यांशी जास्त आहे.

विहीर सोळाव्या शतकातली. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती करवून घेतली आणि बांधणाऱ्याचं नाव राजा भास्कर, असं सांगतात. सगळा खजिना तिच्यात गेला म्हणून नाव खजाना. जमिनीखालून दोन बोगद्यांनी तिच्यात पाणी येतं आणि तिसऱ्याने बाहेर जातं. उताराचा हिशेब असा बसवलेला की मोट नको, रहाट नको, पाणी आपसूक बलगुजारच्या शेतांकडे चालत जावं. दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती. पण वरून डोकावलं तर दगडी बांधकाम आणि तळातलं थोडं पाणी, एवढंच दिसतं. ते पाणी कुठून आलं आणि कुठे चाललंय, हा प्रश्न पडायला आधी कोणीतरी तो पाडून घ्यायला शिकवावं लागतं.

आणि शिकवलं की येतं. बकरी ईदच्या आधी बाजारात जाऊन बघा. दहा वर्षांचं पोर बकऱ्याचा जबडा उघडतं आणि दात बघून सांगतं, हा चालेल, हा नाही. त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. बाप चार ईदा त्याला सोबत घेऊन फिरला, एवढंच. म्हणजे नजर नाही असं नाही. आपण ती कशावर लावायची हे ठरवून ठेवलंय, आणि पाणी, जमीन, रस्त्याकडेचा दगड, शेजारचा माणूस त्या यादीत नाहीत. सूरह गाशियामध्ये उंट कसा घडवला, आकाश कसं उचललं, डोंगर कसे रोवले, जमीन कशी पसरली, हे बघत का नाही, असा सवाल केलेला आहे. आमच्या पोरांना ती सूरह तोंडपाठ असते. पठणात चूक झाली तर उस्ताद लगेच टोकतात. समोरच्या बालाघाटच्या डोंगराकडे बघितलं नाही म्हणून आजवर कोणी कोणाला टोकलेलं मला माहीत नाही.

शाळेने तरी काय केलं? बीड म्हणजे दुष्काळी जिल्हा, ऊसतोड मजुरांचा जिल्हा, एका ओळीत विषय संपला. पालीच्या बिंदुसरा धरणावर आम्ही जातो ते सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की फोटो काढायला. हीच बिंदुसरा पुढे बीड शहराच्या मधून वाहते. तिथे तिचं पात्र किती उरलंय हे मोजायला कोणी थांबत नाही.

"मुसलमानांनी इथे काय केलं?" असं कोणी विचारलं की आमच्याकडून यादी येते : सलाबतखान, मलिक अंबर, औरंगाबादची नहर. विचारणाऱ्याने विहीर पाहिलेली नसते, यादी देणाऱ्यानेही नसते. अभिमान हा न बघण्याचा फार सोयीचा मार्ग आहे. मलिक अंबरची नहर सतराव्या शतकात शहराला पाणी पाजायची. जमिनीखाली काय आहे हे वर राहणाऱ्यांना ठाऊक नसलं की कोणी पाया खोदतो, कोणी बोअर घेतो, कोणी उच्छ्वास बुजवून टाकतो. त्यांतल्या कोणालाच आपण काही तोडतोय असं वाटत नाही. दुश्मनाची गरजच पडत नाही.

कोणी म्हणेल, एवढं काय, दगडमातीचं तर काम आहे. ठीक. मग माणसांचं घ्या.

2019 साली या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या बाहेर आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक. हे एका रात्रीत झालेलं नव्हतं. वर्षानुवर्षं बायका दवाखान्यात गेल्या, टाके घेऊन परतल्या, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा कोयता घेऊन निघाल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस खाडा झाला तरी दंड. पाळीचं दुखणंसुद्धा अंगावर काढायचं, नाहीतर पैसे कापले जाणार. गल्लीत, वस्तीवर, किराणा दुकानात, मेडिकलवर रोज भेटणाऱ्या बायका होत्या या. तिशीतल्या बायकांचं एकाच प्रकारचं ऑपरेशन इतक्या घरांत कसं, हा साधा प्रश्न मेडिकलवाल्याला पडला नाही, मास्तरला पडला नाही, जमातीच्या जबाबदार लोकांना पडला नाही. आकडा छापून आला तेव्हा सगळे म्हणाले, "हो, आमच्याकडे तर असतंच." दिसत होतं, तरी बघितलं नव्हतं.

आमचे लोक यावर म्हणतात, ते सरकारचं काम आहे. सरकारने आपलं काम करावंच. पण समिती मुंबईहून येते आणि परत जाते. मस्जिद मोहल्ल्यातच असते, पाच वेळा माणसं जमवते. कुठल्या घरी चूल पेटली नाही, कुठली पोर शाळेतून उठवून फडावर नेली, कुणाच्या बाईला कुठल्या दवाखान्यात नेलं आणि काय सांगून, एवढं जुम्म्याला विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. मी हे दोन-तीन ठिकाणी सुचवलं. एका बुजुर्गांनी मला फार मायेने समजावलं, "बेटा, ये दीन की बात नहीं है." मग दीनची बात कोणती, असं मी विचारलं तेव्हा नव्या मिनाराच्या वर्गणीचा विषय निघाला.

दसरा-दिवाळी झाली की पालीवरून टोळ्यांच्या गाड्या परत जायला लागतील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, लेकरं. पोरांना रस्त्यावर उभं करा आणि मोजायला सांगा : एका ट्रॉलीत शाळेच्या वयाची पोरं किती, आणि बाया किती. वहीत लिहून आणू द्या. खजाना विहिरीचे बोगदे दाखवायला नंतर घेऊन जाऊ, वाट एकच आहे.