महालक्ष्म्या फ्लॅटमध्ये आल्या, कामाची वाटणी मात्र वाड्यातलीच!

भाद्रपद लागला की होस्टेलच्या व्हरांड्यात एकच विषय. सबमिशन कधी, टेस्ट कधी आणि महालक्ष्म्यांना घरी जायला मिळणार का? पुण्या-मुंबईकडच्या मित्रांना गणपती मोठा, पण आम्हा मराठवाड्यातल्यांना विचाराल तर खरा सण महालक्ष्म्यांचा. अनुराधा नक्षत्रावर आगमन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा आणि जेवण, मूळ नक्षत्रावर विसर्जन. तीन दिवस अख्खं खानदान एका छपराखाली! दिवाळीला न फिरकणारा काकासुद्धा महालक्ष्म्यांच्या पुरणपोळीला हजर असतो.

पण मित्रहो, आजकाल या सणाचा पत्ता बदलतोय. गावातला वाडा पडायला आला, भाऊ नोकरीसाठी पांगले, आणि ज्याने शहरात नवीन फ्लॅट घेतला त्याच्याकडे मुखवटे आले. आमच्याकडेही आले. पैठण तालुक्यातल्या गावातून थेट औरंगपुऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. "महालक्ष्म्यांचं स्थान हलवू नये" असं आज्जीचं म्हणणं होतं. त्यावर मोठ्या काकू एवढंच म्हणाल्या, "आत्या, स्थान नका हलवू, पण मला आता खाली बसून उठता येत नाही." विषय संपला!

माझं मत विचाराल तर स्थान हलवावं. खुशाल हलवावं. महालक्ष्मी ही शेवटी माहेरवाशीण. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढून आपण तिला आत आणतो. जिथे माणसं राहतात तिथेच माहेरवाशीण यायची. कुलूप लावलेल्या वाड्यात ती कुणाकडे येणार? आणि औरंगपुऱ्यासारखी सोय कुठे आहे? सोळा भाज्या घ्यायला खाली उतरलं की बाजार, दागिने न्यायला सराफा जवळ, सजावटीला गुलमंडी पायी. अंबाडी, चुका, पडवळ, दोडका, सगळं तासाभरात पिशवीत.

आता खरा मुद्दा. पत्ता बदलला, पण वाटणी बदलली का?

वाड्यात पाच सुना होत्या, शेजारच्या चार बाया हाताखाली यायच्या. फ्लॅटमध्ये एक ओटा, एक शेगडी आणि एक सून. ती बहुतेक वेळा नोकरी करणारी. पुरण, कटाची आमटी, आंबील, भजी, सोळा भाज्या, फुलोऱ्याच्या करंज्या, वरून सोवळं! आणि पुरुषमंडळी? लायटिंगच्या माळा लावल्या, कोठ्यांना साड्या नीट नेसवल्या का ते लांबून बघितलं, की हॉलमध्ये टीव्हीसमोर. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. हा झाला साधा दिवस. पंचवीस पानं उठवायच्या दिवशी काय होत असेल, हे सांगायला पाहणी कशाला हवी?

आपण इंजिनीअरिंगवाले. सगळा लोड एकाच कॉलमवर टाकायचा नसतो हे सेकंड इयरला शिकतो, परीक्षेत लिहून मार्कही घेतो. घरी गेल्यावर मात्र हे ज्ञान बॅगेतच राहतं. होस्टेलवर आपण कपडे धुतो, मेस बंद असली की मॅगी करतो, रूम झाडतो (निदान रेक्टर येणार असले तर!). मग घरी पुरण वाटायला काय हरकत आहे? आमच्याकडे दुसऱ्या वर्षी एक कागद फ्रिजवर चिकटवला. भाज्या चिरणं मुलांकडे, पुरण वाटणं आणि पंगत वाढणं काकांकडे, भांडी सगळ्यांकडे पाळीपाळीने. पहिल्या पंगतीला बायका बसल्या. काकांनी वाढताना आमटी दोघींच्या साडीवर सांडली, तरी पंगत उठली नाही. महालक्ष्म्याही रागावल्या नाहीत!

पाण्याचंही तेच. ज्या शहराने वर्षानुवर्षं दिवसाआड नाही तर आठवड्याआड नळाची वाट पाहिली, तिथे पाहुणे बोलावताना हिशेब लागतो. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी प्रमाण आहे १३५ लिटर. आपण काटकसरीने ५० धरू. पंचवीस माणसं म्हणजे दिवसाला १२५० लिटर. हजार लिटरची टाकी संध्याकाळच्या आत कोरडी! म्हणून टँकर आधीच सांगावा, शेजाऱ्यांना विचारावं, आणि पत्रावळ्या वापराव्यात. पत्रावळी जुनी रीतच आहे, त्यात कमीपणा नाही.

शेवटचा मुद्दा जरा टोचणारा आहे. महालक्ष्म्यांचं सगळं ज्ञान कुणाकडे? आज्जीकडे. पडवळाचे किती तुकडे, दोऱ्याला किती गाठी, सगळं तिच्या तोंडपाठ. पण आरतीच्या वेळी आज्जी मागच्या खोलीत, कारण आजोबा नाहीत. ओटी सवाष्णीची, कुंकू सवाष्णीला. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनेही इतर गावांना तसं करायला सांगितलं. एक खेडं हे करू शकतं, मग महात्मा फुले आणि सावित्रीबाईंचे पुतळे असलेल्या औरंगपुऱ्यात राहणाऱ्या आपल्याला का जमू नये?

काही जण म्हणतील, "एवढा त्रास कशाला, केटररला सांगा, सोपं!" सांगा ना, जिथे माणसंच नाहीत तिथे जरूर सांगा. पण घरात दहा धडधाकट माणसं असताना सून दमते म्हणून केटरर बोलावणं म्हणजे प्रॉब्लेम सोडवणं नाही, पैसे देऊन तो झाकणं आहे. आणि "रीत मोडते" म्हणणाऱ्यांना एकच सांगणं. मातीच्या कोठ्या जाऊन पत्र्याच्या आल्या, चूल जाऊन गॅस आला, बैलगाडी जाऊन एस.टी. आली. तेव्हा रीत मोडली नाही, आता काकांच्या हातात लाटणं आलं तरी मोडणार नाही.

नवीन घरात पहिला सण जसा होतो, तशीच पुढे रीत पडते. दोन वर्षं चुकीचं चाललं की तिसऱ्या वर्षी तीच 'आपली परंपरा' होऊन बसते. तेव्हा मित्रांनो, यंदा महालक्ष्म्यांना घरी जाल तेव्हा फोटो काढण्याआधी विळी हातात घ्या. बहिणीला म्हणावं, "तू बस, मी वाढतो." आणि आरतीला आज्जीचा हात धरून तिला पुढे आणा. कुणी काही बोललंच, तर घर नवीन आहे म्हणावं!